तिसरे सिलिंडर उतरवण्याआधी ताशी १३ गॅलनांचा हिशेब

पर्वरीच्या एका विमानमालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे चार आसनी विमान लायकमिंगच्या १८० अश्वशक्तीच्या, इंधन-इंजेक्शनच्या इंजिनावर चालते. डिसेंबरात ते दख्खनच्या पठारावरून गोव्यात आणले, तेव्हा चढताना तिसऱ्या सिलिंडरचे हेड ३९० अंश फॅरनहाइटच्या आसपास असे. एप्रिलपासून मात्र टेक-ऑफनंतर पाच मिनिटांत तेच सिलिंडर ४४० पर्यंत जाते, उरलेली तीन ४०५ ते ४१५ च्या दरम्यान राहतात, तेल २२५ अंशांवर पोहोचते, आणि पूर्ण थ्रॉटलला इंधनप्रवाह ताशी १३ गॅलनांवर स्थिर राहतो. देखभाल करणाऱ्यांनी तिसरे सिलिंडर उतरवण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का?

तो सल्ला सध्या तरी मानू नये असे माझे मत आहे. मी आधी नौदलात आयलँडर विमानांच्या इंजिनांवर आणि नंतर खासगी व प्रशिक्षणाच्या लहान विमानांवर, मिळून तीसहून अधिक वर्षे काम केले आहे. केवळ तापमानाच्या तक्रारीवरून उतरवलेली सिलिंडरे मी बरीच पाहिली आणि त्यांतली बहुतेक चांगली निघाली. सिलिंडर ही तापण्याची जागा आहे. तापण्याचे कारण बहुधा इंधनात, हवेत किंवा ठिणगीच्या वेळेत असते.

तुम्ही दिलेले आकडे नीट पाहिले, तर या एका तक्रारीत दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असे दिसते. चारही सिलिंडरे पूर्वीपेक्षा जास्त तापत आहेत, ही पहिली. तिसरे सिलिंडर इतरांपेक्षा २५ ते ३५ अंशांनी वर आहे, ही दुसरी. पहिलीचे कारण चौघांना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधावे लागते आणि दुसरीचे फक्त तिसऱ्याजवळ. या दोहोंची गल्लत केली, की कोणतेही कारण कोणत्याही लक्षणाला जोडता येते आणि मग सुटे भाग बदलण्याचे सत्र सुरू होते.

आधी ऋतूचा वाटा वजा करू. डिसेंबरातल्या सकाळी २२ अंश सेल्सियस आणि एप्रिलच्या दुपारी ३४ अंश धरले, तर फरक १२ अंश सेल्सियसचा, म्हणजे सुमारे २२ अंश फॅरनहाइटचा होतो. बाहेरची हवा जितकी गरम होते, साधारण तितके किंवा त्याहून थोडे कमी सिलिंडर तापते. म्हणजे पंधरा-वीस अंशांची वाढ उन्हाळ्याच्या खात्यावर टाकता येईल. तुमची वाढ पन्नास अंशांची आहे, त्यामुळे उरलेल्या तीसेक अंशांना दुसरे कारण हवे. लायकमिंगची या इंजिनांसाठीची कमाल मर्यादा ५०० अंश आहे, त्यामुळे ४४० ला काही तुटणार नाही हे खरे. पण दीर्घ आयुष्यासाठी जास्त शक्तीच्या क्रूझमध्येही ४३५ च्या खाली आणि किफायतशीर क्रूझमध्ये ४०० च्या खाली राहावे, असे हीच कंपनी सांगते. ॲल्युमिनियमचे हेड तापमानाबरोबर आपले बळ गमावत जाते, हे त्यामागचे कारण आहे.

आता १३ गॅलनांकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त खटकलेला आकडा तोच आहे. पूर्ण रिच, म्हणजे जास्तीत जास्त इंधनाच्या मिश्रणावर टेक-ऑफच्या वेळी असे इंजिन दर अश्वशक्तीमागे ताशी अर्ध्या पाउंडाहून थोडे अधिक, समजा ०.५५ पाउंड इंधन पिते. १८० अश्वशक्तीला ते ९९ पाउंड होते. ॲव्हगॅसचे, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचे, वजन गॅलनमागे सहा पाउंड धरतात, म्हणजे ताशी साडेसोळा गॅलन, आपल्या हिशेबात सुमारे ६२ लिटर. तुमचे १३ गॅलन म्हणजे ४९ लिटर. यावर कोणी म्हणेल की गोव्याच्या उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून शक्ती कमी आणि म्हणून इंधनही कमी. हे अर्धेच खरे आहे. समुद्रसपाटीला ३४ अंश सेल्सियस असताना हवेची घनता प्रमाण दिवसापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असते. पण तुमच्या इंजिनावरचा इंजेक्शन सर्व्हो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन मोजून देणारे यंत्र, व्हेंचुरीतल्या (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यातल्या) दाबाच्या फरकावर इंधन मोजतो, आणि त्या पद्धतीत इंधन हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. हवा सहा टक्क्यांनी घटली, तर इंधन तीनच टक्क्यांनी घटते. म्हणजे उन्हाळ्यात इंजिन उलट थोडे अधिक रिच चालायला हवे, आणि काटा सोळाच्या जवळ दिसायला हवा. १३ चे खापर उन्हाळ्यावर फोडता येत नाही. नेमका अपेक्षित आकडा अर्थात तुमच्या विमानाच्या पुस्तकातूनच घ्यावा.

टेक-ऑफचे जास्तीचे इंधन जळण्यासाठी नसतेच, हे अनेक नव्या वैमानिकांना ठाऊक नसते. ते ज्वलनाचा वेग कमी करते, त्यामुळे सिलिंडरमधला सर्वोच्च दाब पिस्टन थोडा खाली उतरल्यावर येतो आणि हेडमध्ये कमी उष्णता शिरते. ही ढाल वीस टक्क्यांनी पातळ झाली, की चारही सिलिंडरे तापणारच.

तपासणीची सुरुवात स्पॅनरने करू नका. तुमच्या इंजिन-मॉनिटरमध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद साठवलेली असते. डिसेंबरातले एक टेक-ऑफ आणि एप्रिलमधले एक टेक-ऑफ शेजारी ठेवून पाहा. डिसेंबरातही प्रवाह १३ च असेल, तर दोष जुना आहे आणि उन्हाळ्याने तो फक्त उघडा पाडला. तेव्हा १६ आणि आता १३ असेल, तर मधल्या चार महिन्यांत काय उघडले, काय बसवले, विमान किती दिवस उभे राहिले, हे लॉगबुकात शोधा. त्याच नोंदीत टेक-ऑफच्या वेळचे एक्झॉस्टचे तापमानही पाहा. पूर्ण रिच मिश्रणावर ते, मिश्रणातले इंधन कमी करत नेल्यावर त्या सिलिंडरला येणाऱ्या शिखर तापमानापेक्षा किमान २०० ते २५० अंशांनी खाली असावे. फरक शंभर-सव्वाशेच असेल, तर इंधन कमी पडते आहे याचा तो वेगळा, स्वतंत्र पुरावा झाला.

असा दुसरा पुरावा लागतो, कारण प्रवाहमापकही खोटे बोलू शकतो. टाकी एका खुणेपर्यंत भरा, तासभर उडा, विमान त्याच जागी त्याच दिशेने उभे करून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा, आणि भरलेले लिटर मॉनिटरने दाखवलेल्या एकूण वापराशी ताडून पाहा. बॅरलमधून हातपंपाने भरत असाल, तर मोजमापाची खात्री आधी करून घ्या. असे दोन-तीनदा केल्यावर मापक दहा टक्के कमी दाखवतो असे निघाले, तर तुमचे १३ प्रत्यक्षात साडेचौदाच्या आसपास आहेत. तरीही कमीच, पण प्रश्न निम्मा झाला.

मापक बरोबर निघाला, तर सर्वांत स्वस्त कारण आधी पाहावे, आणि ते म्हणजे मिक्श्चरची केबल. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उतरवून मी स्वतः सर्व्होजवळ उभा राहतो आणि मदतनिसाला कॉकपिटमध्ये लाल नॉब सावकाश पूर्ण आत ढकलायला सांगतो. लिव्हर आपल्या स्टॉपला टेकल्याचा बारीक ‘टक्’ बोटांना जाणवला पाहिजे, आणि त्या क्षणी नॉब आणि पॅनल यांच्यात थोडी फट उरली पाहिजे. नॉब पॅनलला आधी टेकला आणि लिव्हर स्टॉपपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहिला, तर कॉकपिटमधल्या माणसाला पूर्ण रिच दिल्याचे समाधान मिळते, इंजिनाला मात्र ते मिळत नाही. इंजिनाचे रबरी माउंट दबले, की इंजिन खाली बसते आणि एके काळी बरोबर जुळवलेली केबलही अपुरी पडू लागते. हीच परीक्षा थ्रॉटलच्या लिव्हरचीही करावी.

केबल बरोबर असेल, तर टाकीपासून सर्व्होपर्यंतचा रस्ता तपासा: गॅस्कोलेटरची (इंधनातला गाळ आणि पाणी अडवणाऱ्या भांड्याची) जाळी, सर्व्होच्या तोंडाची बोटाएवढी जाळी आणि जुने रबरी होज, ज्यांचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे आडवे येते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उडताना बूस्ट पंप (विजेवर चालणारा मदतीचा पंप) चालू केल्यावर प्रवाह लक्षणीय वाढला, तर इंजिनाचा पंप किंवा त्याआधीचा रस्ता संशयित ठरतो. काहीच फरक पडला नाही, तर सर्व्हो आणि त्यापुढचा भाग. काटा स्थिर न राहता थरथरत असता, तर मी वाफेचा किंवा हवा शिरण्याचा विचार केला असता. तुमचा १३ वर ठाम उभा आहे, त्यामुळे तो विचार मागे ठेवतो.

टाकीच्या हवानळीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हा दोष पुस्तकात दिसतो त्याहून पुष्कळ जास्त आढळतो. पावसाळ्यात लहान विमाने आठवडेच्या आठवडे उभी असतात, आणि कुंभारीण माशीला पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी म्हणजे आयते बाळंतघर. काही वर्षांपूर्वी एका विमानाची तक्रार अशी होती की पहिली वीस मिनिटे सगळे उत्तम, त्यानंतर प्रवाह हळूहळू उतरतो आणि सिलिंडरे तापू लागतात. उतरून दहा मिनिटांनी पुन्हा सगळे ठीक. आम्ही पंप बदलला, सर्व्हो कार्यशाळेत पाठवून आणला, आणि पैसे खर्चून झाल्यावर एका मुलाने उड्डाणानंतर लगेच टाकीचे झाकण उघडले तेव्हा आत हवा ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला. नळीत जांभ्याच्या लाल मातीचा गोळा पक्का बसला होता. पंप आणि सर्व्हो आधी उघडण्याचा निर्णय माझाच होता, म्हणून ही गोष्ट मी विसरलेलो नाही. तुमचा प्रवाह टेक-ऑफलाच कमी आहे, त्यामुळे तुमच्याकडे हेच असण्याची शक्यता कमी. पण नळी तपासायला काही पैसे लागत नाहीत.

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर पुरवठा मोजावा. पंपावर चालणाऱ्या इंधनव्यवस्थेने टेक-ऑफच्या गरजेच्या १२५ टक्के इंधन पुरवले पाहिजे, असा प्रमाणनाचा जुना आणि शहाणा दंडक आहे. केवळ गुरुत्वावर चालणाऱ्या व्यवस्थेसाठी तो १५० टक्क्यांचा आहे. तुमच्या इंजिनासाठी १२५ टक्के म्हणजे ताशी ७८ लिटर, मिनिटाला १.३ लिटर. सर्व्होच्या तोंडाची नळी सोडवून, टाकीत थोडेच इंधन ठेवून आणि विमानाचे नाक चढतीच्या कोनात उचलून, बूस्ट पंपाने मिनिटभरात किती इंधन येते ते मोजा. विमान आणि भांडे दोन्हींना अर्थिंग, अग्निशामक हाताशी, आणि काम उघड्यावर, या तीन गोष्टींशिवाय याला हात लावू नये. पुरवठा भरपूर निघाला आणि तरी इंजिनाला १३ च मिळत असतील, तर सर्व्हो अधिकृत कार्यशाळेत पाठवण्याची वेळ आली असे समजा; तो हँगरमध्ये उघडण्याची वस्तू नाही.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. रोटॅक्स इंजिनांच्या छोट्या विमानांचे मालक पेट्रोल पंपावरचे इंधन वापरतात, म्हणून तुम्हालाही कोणीतरी तसे सुचवेल. रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल चालते, आणि पंपावर आता वीस टक्क्यांचे मिळते. म्हणजे त्यांचाही तो मार्ग आता सरळ राहिलेला नाही. तुमच्या इंजिनाला निळे १०० एलएल ॲव्हगॅसच द्या.

आता दुसरी तक्रार, म्हणजे एकट्या तिसऱ्याची. येथे अदलाबदलीसारखे दुसरे साधन नाही. प्रथम तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या तापमापकांच्या तारा मॉनिटरकडच्या जोडणीत आपसांत बदला. जास्तीचा आकडा आता पहिल्याच्या नावावर आला, तर मॉनिटर ठीक आहे; एक तर तिसरे खरोखरच तापते आहे किंवा त्याचा तापमापक वा तार चुकते आहे. तो तिसऱ्याच्याच नावावर राहिला, तर दोष मॉनिटरच्या वाहिनीत आहे. मॉनिटर ठीक निघाला, तर मग हेडमधले तापमापकच आपसांत बदलून पाहा. आपल्या खाऱ्या हवेत या जोडण्यांवर हिरवट थर चढतो आणि आकडे भलतीकडे जातात. त्या सिलिंडरला प्लगखालच्या कड्याचा तापमापक असेल आणि इतरांना हेडमध्ये बसणारा, तर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही, हेही पाहून घ्या.

आकडा खरा निघाला, तर नोझल, म्हणजे सिलिंडरला इंधन फवारणारी तोटी. चारही नोझल आपापल्या नळ्यांसकट बाहेर काढून लोणच्याच्या एकाच मापाच्या चार स्वच्छ काचेच्या बरण्यांत सोडायचे, मिश्रण पूर्ण रिच, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि बूस्ट पंप ठरावीक सेकंद चालू ठेवायचा. चार बरण्या सपाट फळीवर ओळीने ठेवल्या, की एखादीत बोटभर कमी असलेले निळे इंधन शाळकरी पोरालाही दिसते. कमी देणारे नोझल योग्य द्रावकात भिजवून साफ करावे. त्यात तार कधीही घालू नये, कारण भोक केसभर जरी मोठे झाले तरी त्या नोझलचा उपयोग संपला. ज्या जुन्या विमानांत प्रवाहाचा काटा प्रत्यक्षात नोझलच्या मागचा दाब मोजतो, तेथे एक नोझल तुंबले की काटा वर चढतो आणि वैमानिक मिश्रण आणखी लीन करतो, म्हणजे इंधन कमी करतो. तुमचा मापक इंधनाने फिरणाऱ्या चक्रीचा आहे, त्यामुळे हा धोका तुम्हाला नाही.

नोझलही समान निघाली, तर हवेकडे वळा. आणि खरे सांगायचे, तर माझा पहिला संशय येथेच आहे. लायकमिंगच्या चार सिलिंडरी इंजिनात तिसरे उजव्या बाजूला मागे असते, आणि मागचा पत्र्याचा बॅफल (हवेला वळवणारा आडोसा) त्याच्या फिन्सना, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांना, इतका चिकटून बसू शकतो की मागच्या बाजूने हवेला खाली उतरायला वाटच राहत नाही. थंड करणारी हवा वरून खाली वाहते, हे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप कळते. वर दाब साठला पाहिजे आणि तो फक्त फिन्समधून खाली निघाला पाहिजे; इतर कोठून निघालेली प्रत्येक झुळूक वाया जाते. बॅफलच्या रबरी पट्ट्या दाबाच्या बाजूला, म्हणजे आतल्या दिशेने वळलेल्या असाव्यात, म्हणजे हवाच त्यांना काउलिंगवर दाबून धरते. काउलिंग बसवताना घाई झाली, की एखादी पट्टी उलटी मुडपते आणि पुढच्या तपासणीपर्यंत तशीच राहते. वरच्या काउलिंगच्या आतल्या बाजूला या पट्ट्यांनी घासलेली काळी रेघ असते; ती जेथे तुटते, तेथून हवा पळते. संध्याकाळी अंधार पडल्यावर खालच्या बाजूने दिवा आत ठेवा आणि पुढच्या तोंडांतून पाहा. फिन्समधून झिरपणारा उजेड ठीक, पण कोपऱ्यांतून आणि पत्र्यांच्या सांध्यांतून दिसणारी प्रत्येक चीर खडूने खूण करून तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करून घ्यावी. सिलिंडरांच्या मधले खालचे छोटे बॅफल जागेवर आणि घट्ट आहेत का, तेही पाहावे. ते हलके असतात आणि सिलिंडरच्या कामानंतर विसरले जातात.

ठिणगीची वेळ तपासायला तासभर पुरतो. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारे यंत्र) नेमून दिलेल्या अंशांपेक्षा तीन-चार अंश आधी ठिणगी देत असेल, तर चारही हेड तापतात आणि एक्झॉस्टचे तापमान मात्र उतरते. तुमच्या नोंदीत हेड आणि एक्झॉस्ट दोन्ही वर असतील, तर संशय इंधनावर. हेड वर आणि एक्झॉस्ट खाली असेल, तर मॅग्नेटोवर. योग्य अंश इंजिनाच्या पाटीवर कोरलेले असतात. आठवणीवर किंवा दुसऱ्या इंजिनावर विसंबू नये.

तेलाचे २२५ अंश हे बऱ्याच अंशी हेडच्या उष्णतेचेच प्रतिबिंब आहे आणि २४५ च्या मर्यादेत आहे. तरीही ऑइल कूलरच्या जाळीवर टॉर्च मारून पाहा. सड्यावरची लाल धूळ आणि तेलाचा हलका थर मिळून तिची चिकणमाती होते. तापमापकाची परीक्षा तर गोव्यात फारच सोपी आहे. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे उकळत्या पाण्यात त्याने २१२ दाखवलेच पाहिजेत. कूलरकडे तेल वळवणारा व्हर्नाथर्मही गरम पाण्यात टाकून तो पुरेसा लांबतो का, आणि त्याची बैठक एकसारखी झिजली आहे का, हे पाहता येते.

या सगळ्याला आठ-दहा दिवस लागतील. तोपर्यंत उडायचेच असेल तर सकाळी लवकर उडा, सुरक्षित उंची गाठल्यावर वेग दहा-पंधरा नॉट वाढवून चढा, आणि बेळगावकडे जाताना घाट थेट ओलांडण्याऐवजी किनाऱ्यावरच टप्प्याटप्प्याने उंची घ्या. समुद्रसपाटीवरून सह्याद्रीच्या माथ्यावर जाणारी ती सलग चढण कोणत्याही हवाशीत इंजिनाची कसोटी पाहते. ४२० ला नाक खाली करा. एखाद्या सिलिंडरचे हेड मिनिटाला तीस-चाळीस अंशांनी चढू लागले आणि त्याचे एक्झॉस्ट उतरू लागले, तर कारण शोधत बसू नका, शक्ती तत्काळ कमी करा आणि उतरा; असे तापणे सुरू झाले की पिस्टन वितळायला फार मिनिटे लागत नाहीत. केबल, नोझल, मॅग्नेटो यांतले प्रत्येक काम पिस्टन इंजिनाच्या परवानाधारक अभियंत्यानेच करून लॉगबुकात सही करावी, हेही ध्यानात ठेवा.

राहता राहिले तिसरे सिलिंडर. इंजिन गरम असताना चौरस इंचाला ८० पाउंडांच्या दाबाने गळतीची चाचणी घ्या, हवा कोठून सुटते ते कानाने ऐका, आणि बोरस्कोपने (आत डोकावणाऱ्या बारीक दुर्बिणीने) एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा पाहा. त्यावरचे रंगांचे वर्तुळ मध्यावर असेल तर व्हॉल्व्ह निरोगी आहे. वर्तुळ एका कडेला सरकलेले असेल आणि त्याच चाचणीत एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस ऐकू येत असेल, तर सिलिंडर उतरवा. मग त्या निर्णयाला माझा विरोध नाही.